खानावळीच्या पाटीवर आपले नाव कधी?

रविवारची संध्याकाळ. नांदेडच्या वजिराबाद भागातले एखादे हॉटेल. चार मित्र एका टेबलाभोवती बसलेले आहेत. एक मराठा, एक धनगर, एक मुसलमान आणि एक आपला. चौघेही एकाच कार्यालयात नोकरीला आहेत किंवा एकाच कॉलेजात शिकलेले आहेत. बिर्याणीची मोठी प्लेट मध्ये येते आणि चारही हात तिच्यात जातात. वेटर कुणाची जात विचारत नाही, गल्ल्यावरचा मालकही विचारत नाही. लातुरात गंजगोलाईच्या आसपास, निलंगा राईसच्या गाड्यावर, गावाबाहेरच्या ढाब्यावर हेच चित्र दिसते. बिल आले की कोण देणार यावरून भांडण होते, तेवढेच.

हे दृश्य पाहिले की आमच्या मनात दोन गोष्टी एकदम येतात. एक अभिमान आणि दुसरा एक प्रश्न.

अभिमान यासाठी की हे टेबल आपल्याला कुणी दान दिलेले नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा. गावच्या स्टँडवरच्या हॉटेलात आपल्यासाठी वेगळी कपबशी असे. ती बाहेर वळचणीला किंवा भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेली असे. आपणच ती उचलायची, आपणच विसळायची, वरून ओतलेला चहा बाहेर उकिडवे बसून प्यायचा आणि पैसे मात्र पूर्ण द्यायचे. पैसा विटाळत नव्हता, पैसा देणारा हात विटाळत होता. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) ही वेगळी कपबशी आहे. मराठवाड्यातल्या आपल्या प्रत्येक घराच्या आठवणीत ती आहे.

खुद्द बाबासाहेबांची यातून सुटका झाली नव्हती. परदेशात शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशांच्या विश्रामगृहात पारशी नाव लावून राहावे लागले. खरी ओळख उघड होताच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना तिथून निघावे लागले. १९३४ साली आपल्याच मराठवाड्यात, दौलताबादच्या किल्ल्यावर, बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाक्याच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून तिथल्या मुसलमानांनी त्यांना शिवीगाळ केली. हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. हिंदूंनी घालून दिलेला विटाळ पारशाने पाळला आणि मुसलमानानेही पाळला. म्हणून आज नांदेडात एका प्लेटमध्ये चार हात जातात ही साधी गोष्ट नव्हे.

ती कशी घडली? २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत दुकाने, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा सर्वांना खुल्या करणाऱ्या कलमावर चर्चा झाली. 'दुकान' या शब्दात नेमके काय काय येते, असा प्रश्न निघाला. हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे, मोबदला घेऊन सेवा देणारे सर्व त्यात येतात, असा खुलासा बाबासाहेबांनी केला. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही मंजूर झाले. आज ही कलमे संविधानात १५ (२) आणि १७ या क्रमांकांनी आहेत. पुढे १ जून १९५५ रोजी अस्पृश्यता (गुन्हे) कायदा अमलात आला. १९७६ साली तो अधिक कडक झाला आणि त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. या कायद्यात हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहेच, पण हॉटेलात ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा आहे. हॉटेलातल्या भांड्यांची नोंद देशाच्या संसदेला कायद्यात करावी लागली, यातच या समाजव्यवस्थेची खरी ओळख आहे.

कायदा झाला म्हणून कोनाड्यातली कपबशी दुसऱ्या दिवशी फुटली नाही. ती फोडायला माणसे उभी राहावी लागली. १९७२ साली पँथर उभी राहिली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला तोपर्यंत एक अख्खी पिढी रस्त्यावर होती. मार खाऊन, तुरुंग भोगून या पिढीने मान ताठ ठेवली म्हणून तिची मुले-नातवंडे आज टेबलावर बसतात. आणि हे सगळे आता जुने झाले, असेही कुणी समजू नये. १ जून २०२३ रोजी नांदेडला लागून असलेल्या बोंढार हवेलीत आपल्या एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती काढल्याचा राग त्यामागे होता, अशी फिर्याद आहे. ज्या तारखेला तो कायदा अमलात आला, तीच ही तारीख. वजिराबादच्या टेबलापासून बोंढार फार दूर नाही.

आता प्रश्नाकडे येऊ.

हॉटेलातून बाहेर पडा आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचत चला. 'लिंगायत खानावळ' दिसेल, 'मराठा खानावळ' दिसेल, 'ब्राह्मणी पद्धतीचे जेवण' दिसेल. 'मालवणी', 'कोल्हापुरी', 'आगरी', 'उडुपी', 'हैदराबादी' अशा पाट्या दिसतील. नागपूरचे सावजी जेवण तर आज महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. ते मूळचे हलबा कोष्टी समाजाचे, मागावर काम करणाऱ्या कष्टकऱ्यांच्या घरातले जेवण आहे. प्रत्येकाच्या चुलीला एक नाव आहे आणि त्या नावावर गिऱ्हाईक येते. मग 'महाराची खानावळ' किंवा 'मांगाची खानावळ' अशी पाटी वाचकांपैकी कुणी पाहिली आहे काय? आपल्या माणसांची हॉटेले नाहीत असे नव्हे. बऱ्याच ठिकाणी ती आहेत, काही उत्तम चालतात. पण त्यांची नावे पाहा. एखाद्या फुलाचे नाव, एखाद्या नदीचे नाव, नाहीतर मालकाच्या मुलीचे नाव. आडनाव पाटीवर येत नाही आणि गल्ल्यामागे बाबासाहेबांचा फोटोही दिसत नाही.

लातूरचे एक उदाहरण सांगतो. लातूर पॅटर्नच्या नावावर बाहेरगावची पोरे मोठ्या संख्येने या शहरात शिकवणीला येतात. त्यांच्या जेवणावर कितीतरी घरे चालतात. आपल्या समाजातली एक ताई अशीच मेस चालवते. स्वच्छता अशी की नाव ठेवायला जागा नाही. ज्वारीची भाकर, येसराची आमटी, बुधवारी अंडी, रविवारी काळ्या मसाल्याचे मटण. आम्ही जेवायला बसलो तेव्हा समोरच्या भिंतीवर एक रिकामा खिळा दिसला. जेवण झाल्यावर सहज विचारले. ताई म्हणाली, "दादा, फोटो आतल्या खोलीत लावलाय. जूनमध्ये नवीन पोरं येतात, सोबत त्यांचे आईबाप येतात. बाहेर फोटो दिसला की डबे कमी होतात. कोणी तोंडावर काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी येत नाहीत, एवढंच."

कोणी तोंडावर काही बोलत नाही. आजच्या जातीयतेचे इतके अचूक वर्णन आम्ही कुठल्या परिसंवादातही ऐकलेले नाही. तिथे कलम लागत नाही, फिर्याद होत नाही. गिऱ्हाईक म्हणून आपण कुठेही बसू शकतो, कारण त्यामागे कायदा आहे. पण मालक म्हणून आपण रांधलेले खायला कुणाला भाग पाडता येत नाही. म्हणून एका खिळ्यावरून बाबासाहेब उतरतात आणि आतल्या खोलीत जातात. हीच वेगळी कपबशी आहे. फक्त आता ती कोनाड्यात आपणच आपल्या हाताने ठेवतो.

शाळेतल्या खिचडीचे उदाहरण घ्या. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकासाठी दलित, अनुसूचित जाती व जमातीच्या लोकांना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी दिला. त्यानंतरही देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून दलित बाईच्या हातचे खायला नकार दिल्याच्या बातम्या येतच राहिल्या. पंगतीत शेजारी बसायला समाज हळूहळू शिकला, पण वाढणारा आणि रांधणारा हात कुणाचा, हा प्रश्न आला की जात जागी होते.

दुसरीकडे गंमत पाहा. आपल्या चुलीवरचे पदार्थ मात्र हॉटेलात पोचले आहेत. मुंडी, पाया आणि वजडी हे एके काळी गरिबाचे, हलक्याचे खाणे होते. आज 'वजडी फ्राय' आणि 'मुंडी रस्सा' स्पेशल म्हणून चढ्या भावाने विकले जातात. भाकर आणि ठेचा ढाब्यावर 'गावरान' झाले. पदार्थाची जात बदलली, पण तो ज्यांनी जगवला त्यांची बदलली नाही. आणि जे पदार्थ अजून पूर्णपणे आपलेच आहेत, त्या रक्तीचे आणि उन्हात वाळवलेल्या चान्यांचे नाव कोणत्या मेनूकार्डावर आहे? उस्मानाबाद जिल्ह्यातून आलेले लेखक शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांमधले हे खाणे कागदावर आणले. २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांच्या ताटात आमचे अन्न कधीच नव्हते, म्हणून ते ब्रह्म अपूर्ण आहे, हे त्या एका शीर्षकात आले. जगाच्या बाजारात आपली चूल पुस्तकातून पोचली, पण लातूरच्या बाजारात ती पाटीवर पोचायची आहे.

इथे चळवळीतला जाणता वाचक आम्हाला अडवील. तो विचारील, बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले नव्हते काय? मग त्या खाण्याच्या आठवणी आता कशाला काढायच्या? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले ती गुलामी होती. गावाने ओढायला लावलेले ढोर, बदल्यात मिळणारे शिळे तुकडे आणि त्यातून येणारी लाचारी त्यांनी सोडायला लावली, आणि समाजाने ती सोडली. आईच्या हातच्या जेवणाची लाज बाळगा, असे त्यांनी कधीही सांगितले नाही. उलट १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयी लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की गोमांस खाणे ही एके काळी सर्वांचीच रीत होती. ब्राह्मणांनी ते सोडले आणि जे खात राहिले त्यांना अपवित्र ठरवले. म्हणजे दोष अन्नात नव्हता. २०१५ पासून राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आहे आणि कायदा आपण पाळतोच. पण कायद्याने बंद केलेले एक आणि लाजेने बंद केलेले दुसरे. आपल्या स्वयंपाकातले नव्वद पदार्थ कायद्यात कुठेच अडत नाहीत. ते अडतात आपल्याच सुशिक्षित घराच्या उंबरठ्यावर. पाहुणे आले की आपण पनीर करतो.

पँथरचे नाव ज्यांच्यावरून घेतले त्या अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडे पाहू. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो शहरात चार काळे विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. त्यांना वाढायला नकार मिळाला, तरी ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले. त्याच वर्षी जुलैमध्ये ते काउंटर सर्वांना खुले झाले. ती टेबलाची लढाई होती. पण ते तिथे थांबले नाहीत. १९६२ साली सिल्व्हिया वुड्स या काळ्या बाईने न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत स्वतःच्या नावाचे हॉटेल काढले. गुलामांच्या वाट्याला येणारे डुकराचे पाय आणि आतडी यांतून काळ्या बायांनी जे जेवण घडवले होते, त्याला त्या समाजाने 'सोल फूड' म्हणजे आत्म्याचे अन्न असे नाव दिले. त्या नावाच्या जोरावर पुढे जगभरचे लोक हार्लेममध्ये जेवायला येऊ लागले. काउंटर खुले होणे आणि सिल्व्हियाची पाटी लागणे यांत दोन वर्षांचे अंतर आहे. आपल्याकडे १९५५ च्या कायद्याला सत्तर वर्षे उलटली. प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २०१६ साली चंद्रभान प्रसाद यांनी 'दलित फूड्स' असे उघड नाव देऊन लोणची-मसाले विकायला काढले. पण नांदेड-लातूरच्या रस्त्यावर अजून शुकशुकाट आहे.

हा शुकशुकाट मोडायचा कसा? उत्तर आपल्याच इतिहासात आहे, शंभर वर्षांपूर्वीचे. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामला चाकरी सोडून स्वतःचा धंदा काढायला सांगितले. गंगाराम कांबळे यांनी भर शहरात 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल टाकले. हॉटेल महाराचे, म्हणून कुणी फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर उभी करू लागले. ते तिथे चहा मागवत, स्वतः पीत आणि सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजत. छत्रपती पितात म्हटल्यावर नाही म्हणणार कोण? महाराजांनी हुकूम काढून गिऱ्हाईक पाठवले नाही. ते स्वतः गेले आणि बरोबरच्यांना घेऊन गेले. हे पाऊल आज तुम्ही-आम्ही रोज टाकू शकतो.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. पुढच्या रविवारी ते चार मित्र जेव्हा 'कुठे बसायचे' असे विचारतील, तेव्हा आपल्याच माणसाच्या हॉटेलाचे नाव घ्या. मालक कोण आहे ते आधी सांगा, लपवू नका. मित्र आला तर मैत्री खरी आहे. त्याने कारण काढले तर तेही बरे झाले, इतकी वर्षे आपण कुणासोबत बसत होतो ते कळले. आपल्यात पगारदार माणसे आता पुष्कळ आहेत. त्यांचे वाढदिवस, बढतीच्या पार्ट्या, कार्यालयातले निरोप समारंभ मोठ्या हॉटेलांत होतात. त्यातला दहावा हिस्सा आपल्या खानावळींकडे वळला तरी कितीतरी रिकाम्या खिळ्यांवर फोटो परत येतील. आणि भीमजयंतीला आपण जे अन्नदान करतो, त्यासोबत एक रांग आपल्या आयांच्या हातच्या पदार्थांच्या दुकानांचीही असू द्या. दर लावून आणि पाटी लावून. जगाने आपल्याला फुकट खाणारे म्हटले, आता विकत घेऊन खाऊ द्या.

हॉटेल ही अर्धीच वाट आहे, हेही ध्यानात ठेवा. हॉटेलचे टेबल सोपे असते. तिथे कुणाला कुणाच्या घरी जावे लागत नाही, कुणाचे माठ आणि कुणाची चूल मध्ये येत नाही. वीस वर्षांची मैत्री हॉटेलात फुलते आणि लग्नाच्या पंगतीत अडखळते, असे आपण पाहतो. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'च्या भाषणात बजावले होते की सहभोजनाने जात मरत नाही, तिच्यावर खरा उपाय आंतरजातीय विवाह आहे. मग निदान उंबरठ्यापर्यंत तरी जाऊ. मित्राला घरी बोलवा, पनीर न करता जे रोज शिजते ते वाढा, आणि त्याच्या घरचे आमंत्रण कधी येते याची वाट पाहा.

हाच नियम आपल्यालाही लावा. बौद्ध वस्ती आणि मातंग वस्ती एकाच गावकुसाबाहेर, पण एकमेकांच्या घरी जेवणे अजून किती जणांना जमते? चर्मकाराच्या घरचे पाणी आपल्यातले सगळे सहज पितात काय? नांदेडात तर गुरुद्वाऱ्याच्या लंगरात रोज कुणाचीही जात न विचारता एका ओळीत सर्वांना वाढले जाते. ते पाहायला आपण बाहेरगावच्या पाहुण्यांना आवर्जून नेतो. तीच ओळ आपल्या गल्लीत का लागत नाही, हे आपण आपल्यालाच विचारले पाहिजे. सवर्णाकडे आरसा धरणाऱ्याने स्वतःही त्यात पाहिले पाहिजे.

लातूरच्या त्या ताईची मेस आजही चालू आहे. भिंतीवरचा खिळाही तिथेच आहे, तिने तो काढून टाकलेला नाही. फोटो बाहेर आणण्याची हिंमत तिने एकटीने करावी, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण तिच्या घरची चूल त्या डब्यांवर पेटते. तो फोटो बाहेर आणणे गिऱ्हाइकांच्या हातात आहे आणि गिऱ्हाईक आपण आहोत. या रविवारी चार मित्र घेऊन जा. पोटभर जेवा, बिल द्या आणि निघताना त्या खिळ्याकडे बोट दाखवून विचारा, "ताई, बाबासाहेब कुठं आहेत?"